हौसाची बादली

माघातली कोवळी, केशरी उन्हं टेकडीवर उतरत होती, पण त्यांना टेकायला पान नव्हतं. शहराच्या मधोमध कुंपणात कोंडलेली ती टेकडी उघडीबोडकी, धूळधूसर झाली होती. म्हाताऱ्या झाडांखाली एक रोप नाही, गवताची काडी नाही. होती ती फक्त चितळं, सुवर्णवर्णी, शुभ्रबिंदुमंडित, आणि बरगड्या वर आलेली.

हे हौसाच्या हातून झालं होतं. टेकडीवरच्या बागेला पाणी घालणारी साधी बाई ती. एका दुष्काळात बारा हरणं क्षुधाव्याकुळ झाली, तेव्हा तिने बादलीत चणे भिजवले आणि कडी वाजवून त्यांना बोलावलं. आता भुकेल्या जिवाला घास घालू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण दुष्काळ सरला, बादली सरली नाही. रोज सांजेला कडी वाजे, रोज हरणं येत. बाराची सव्वाशे झाली आणि त्यांनी उगवतं प्रत्येक रोप खुडलं. करायला गेली गणपती, झाला मारुती.

पायथ्याशी हिरव्या कापडाच्या उंच भिंतींचा, आत निमुळता होत जाणारा सापळा उभा राहिला. वनाधिकारी ढवण म्हणाले, "दूरच्या जंगलात सोडायचीत. तुमची कडी वाजली तरच येतील, मावशी."

"तिकडं वाघ असंल?"

"जंगल आहे. असणारच."

"माझ्या हरणांना वाघ ठाऊक न्हाई, साहेब. कडी तेवढी ठाऊक हाय."

"इथं ठेवली तर उपाशी मरतील."

बादली घेऊन सापळ्यात शिरत तिने कडी वाजवली. खण्ण, खण्ण. बाटलीच्या दुधावर तिनेच वाढवलेली, कपाळावर ठिपका असलेली टिकली सर्वांत पुढे आली. मागे सोनेरी, विश्वासवेडा कळप. बादली आतच ठेवून हौसा बाजूच्या फटीतून निसटली. फाटक पडलं.

फटीतून तिने पाहिलं. टिकलीने बादलीत तोंड घातलं होतं. बादली रिकामी होती. हौसाने केसाने गळा कापला होता, आणि ते तिला चांगलं कळत होतं.

कार्तिक आला. टेकडीवर बहाव्याची, बेहड्याची पोपटी, पालवलेली रोपं वर आली. ढवण भेटले, तेव्हा हळूच म्हणाले, "जंगलातल्या चौकीत भांडं वाजलं की टिकली दाराशी यायची, मावशी. महिना झाला, आली नाही."

त्याच बादलीने हौसा आता रोपांना पाणी घालते. फक्त कडीला तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, घट्ट, वाजू नये म्हणून.