एका खांद्याचा कोट

पैलवान हे नाव ज्यानं ठेवलं, त्याला चष्म्याची गरज असावी. बरगड्या मोजून घ्याव्यात असा तो कुत्रा, आणि वर महिन्यातून दोनदा त्याला आकडी यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, आकडी आली की तोंडात हात घालायचा नाही, घड्याळ बघायचं आणि डोक्याला काही लागू द्यायचं नाही.

शेवटची सूचना त्याच्या मालकांनी, टेलरमास्तरांनी, फारच मनावर घेतली. पुढे दुकान, मागे घर. कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड त्यांनी दिसेल तिथं टाचले. कपाटाला, मशीनच्या पायांना, बायकोच्या पिठाच्या डब्याला.

"उद्या माझ्या कोपरांनाही लावाल," बायको म्हणाली. मास्तर कोपरांकडे निरखून बघू लागले, तशी ती आत निघून गेली.

कापायच्या टेबलाचा एक पाय तेवढा उघडा राहिला आणि पॅड संपले. मागच्या आकडीत पैलवानाचा दात तिथंच तुटला होता. नवे पॅड सोमवारी येणार होते, आणि शनिवारी सकाळपासून पैलवान भिंतीकडे टक लावून बसला. हे लक्षण मास्तर ओळखून होते. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नव्हती. त्या दिवशी मात्र मुख्याध्यापकांच्या कोटाचा उजवा पॅड उसवून त्यांनी टेबलाच्या पायाला बांधला.

आणि मुख्याध्यापक तासभर आधीच ट्रायलला आले. टाचण्यांनी भरलेला कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले. चोराच्या मनात चांदणं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर, काय जादू केलीत? वीस वर्षं दप्तर अडकवून हा खांदा वर चढलाय. आज पहिल्यांदा दोन्ही सारखे दिसताहेत."

"हातगुण," असं मास्तर म्हणणार, तोच पैलवान धाडकन आडवा झाला. चारही पाय हवेत धावू लागले.

"सर, घड्याळ बघा."

टाचण्या टोचू नयेत म्हणून दोन्ही हात पसरून मुख्याध्यापक परीक्षेच्या हॉलमधल्यासारखे ओरडू लागले, "एक मिनिट झालं. दीड." पैलवानाचं डोकं टेबलाच्या पायावर आपटत होतं, पण मऊ. मुख्याध्यापकांनी तो पॅड पाहिला, त्यावरचं आपल्याच कोटाचं राखाडी अस्तर पाहिलं, मग आपला खांदा चाचपला. "दोन," ते हळूच म्हणाले.

पैलवान शांत झाला. पुढचा वेळ मास्तरांना सर्वांत जड जायचा, कारण आकडीनंतर तो त्यांनाच ओळखत नसे. एकदा तर अर्धा दिवस गुरगुरला होता.

"मी आहे रे," मास्तर म्हणाले. पैलवान झोकांड्या खात उठला, भिंत हुंगली, मुख्याध्यापकांचा बूट हुंगला, आवाज ऐकून आतून आलेल्या बायकोवर गुरगुरला, आणि मग लाळेनं भिजलेली हनुवटी त्यानं मास्तरांच्या गुडघ्यावर टेकली. मास्तर सरळ रडायलाच लागले.

"पॅड तुमचाच आहे, सर. चोरलाय मी."

"कळलं. परत घालू नका, पुन्हा वाकडा दिसेन. आणि आधी मला या टाचण्यांतून सोडवा."

सोमवारी ते दोन जुने कोट घेऊन आले. "यांचेही उजवे काढा."

पॅड निघाले दोन, आणि घरात उघडं काहीच उरलं नव्हतं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. पैलवान तिच्या कुशीला टेकून घोरत होता. तिनं मुकाट्यानं कोपर पुढे केलं.