मिठागराच्या वळणावरची लाल गाडी

"हात सोड, शिवा! अब देखो, गाडी कौन चलाता है!"

फुलनाथ बुवाने आरोळी ठोकली आणि जेसल पार्कच्या मागे, खाडीकडच्या रस्त्यावर जमलेली गर्दी चिडीचूप झाली. अपघातानंतर दुरुस्त करून आणलेली बुटकी, लाल, परदेशी स्पोर्ट्स कार संथपणे येत होती. चालवणाऱ्या चेल्याने, शिवाने, दोन्ही हात डोक्यावर जोडले. मिठागराच्या वळणाशी स्टिअरिंगचं चक्र थरथरलं, आपसूक डावीकडे फिरलं आणि गाडी थेट त्या बांधाकडे निघाली, जिथे आदळून तिचा मालक जितेंद्र काही महिन्यांपूर्वी गेला होता. शिवाने करकचून ब्रेक दाबला.

मग बुवाने एक फियाट आणवली. ती सरळ निघून गेली.

"फियाटमध्ये आत्मा नाय, म्हणून सीधी गेली! सायन्सवाल्यांनो, द्या उत्तर!"

"माझा जितू हाय गाडीत!" शांताबाई बॉनेटला मिठी मारून रडू लागल्या.

त्यांची सून उर्मिला मागे उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण ते फिरणारं चक्र पाहून तिलाही वाटलं होतं, जितेंद्र असेल तर एकदा त्याला विचारावं. अपघाताच्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो तणतणत गाडी घेऊन गेला आणि परत आलाच नाही. त्याने रागाच्या भरात मुद्दाम चक्र फिरवलं, असं लोक कुजबुजायचे. रात्र रात्र तिला तेच दिसायचं.

बुवाने आता फर्मान काढलं होतं. अमावास्येला, दिवेलागणीच्या आधी, धाकट्या भावाने, नीरजने, डोळ्यांवर पट्टी बांधून, हात सोडून गाडी त्या वळणावरून भरधाव न्यायची. भाऊ भावाला सांभाळेल आणि आत्मा सुटेल. त्याआधी उर्मिलेने गाडीत बसून माफी मागायची.

माफी मागायला ती शिवाच्या शेजारी बसली. गाडी वळणाशी आली तेव्हा तिने हळूच चक्राला हात लावला. हाताला जी थरथर लागली, ती तिच्या ओळखीची होती.

जितेंद्र मद्रासच्या ट्रॅकवर शर्यती खेळायचा. एकदा तिथून परतताना त्याने तिचा हात असाच चक्रावर ठेवला होता. "बघ, टायर रुंद, स्प्रिंग कडक. ट्रॅकवर ही गाडी वळणाला चिकटून जाते. पण खराब रस्त्यावर चाकोरी लागली, की साधी गाडी ती ओलांडून सरळ जाते, ही मात्र कुत्रं वासामागे जातं तशी तिच्यामागे धावते. चक्र घट्ट धरावं लागतं."

गाडी थांबताच उर्मिला खाली उतरून वाकली. मिठाचे ट्रक रस्ता सोडून बांधाकडे वळत, तिथे डांबरात दोन खोल तिरके चर पडले होते. आणि गाडीचं पुढचं डावं टायर बसलेलं दिसत होतं. सकाळी तिने स्वतः पेट्रोल पंपावर हवा भरून आणली होती.

अमावास्येला, गाडी नेण्याआधी दरवेळी होणारी चाकपूजा सुरू झाली. शिवा नेहमीप्रमाणे पुढच्या डाव्या चाकाभोवती लावलेल्या पडद्याआड गेला. उर्मिलेने सगळ्यांसमोर पडदा ओढला. शिवा हळदकुंकू वाहत नव्हता. काडीने वॉल्व्ह दाबून हवा सोडत होता, म्हणजे गाडी त्या बसलेल्या चाकाकडे, डावीकडे आणखी ओढली जाईल.

"अपशकुन! आत्मा कोपेल!" बुवा ओरडला.

"कोपू दे. आई, तुम्ही बसा माझ्याबरोबर. भावजी, तुम्हीही चला."

नीरज मागच्या अरुंद जागेत कसाबसा मावला. उर्मिलेने गाडी पेणकरपाड्यामागच्या कच्च्या रस्त्यावर नेली. तिथे मुरमाच्या ट्रकांनी असेच चर पाडले होते. तिने वेग कमी केला, हात सोडले. चक्र थरथरलं आणि फिरलं.

शांताबाई चक्राकडे बघतच राहिल्या. "हितं कसा आला जितू?"

"नाही आला, आई. तो इथे कधी आलाच नव्हता."

मग टायरमध्ये हवा भरून ती मिठागरावर परतली. चर टाळून, रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी घेतली आणि सगळ्या गर्दीदेखत हात सोडले. वळण आलं, गाडी सरळ पुढे निघून गेली.

"आत्मा नाराज हो गया!" बुवा पुटपुटला.

शांताबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चाकात हवा भरल्यावर नाराज व्हतो व्हय रं माझा पोर? माझा दुसरा पोर बी घालवणार व्हतास तू?" मग त्यांनी उर्मिलेचा हात धरला, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा.

"तो रागात होता का, ते मला कधीच कळणार नाही," उर्मिला म्हणाली. "पण अंधार पडत होता, वेग होता, आणि हे चर होते. जी गाडी या चरांवर तुमच्यासमोर हात सोडल्यावर वळते, तिने त्यालाही ओढलं असणार."

लोक त्या चरांकडे बघू लागले. तेवढ्यात बुवा आणि शिवा गर्दीतून सटकले.

"अहो, जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "महिनाभर आपण इथे नारळ फोडले. एकानेही वाकून रस्ता बघितला नाही, मीसुद्धा नाही. गेलेल्या माणसाला हाका मारायच्या आधी, तो का गेला ते विचारा. जो प्रश्न विचारायला मनाई करतो, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका. आणि उद्या इथून कुणाची तरी मोटारसायकल जाईल. हे चर बुजवायला घमेली कोण कोण आणतंय?"

आधी नीरजने हात वर केला. मग एकेक हात वर होत गेले.