बारा सेकंदांचं पत्र

आमच्या पंख्यांच्या कंपनीत कामगारांना जाणारं प्रत्येक पत्र आधी दोघींच्या नजरेखालून जायचं. मी लिहायचे, मास्तरीण वाचायची. मास्तरीण म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई. लाल पेन्सिल घेऊन ती साहेबांच्याही चुका काढायची, म्हणून हे नाव. कुणाची रजा नाकारायची असली की म्हणायची, "नाही म्हणायचंय ना, मग नीट तरी म्हण." एकोणीस वर्षं मी तिची बोलणी खाल्ली.

गेल्या वर्षापासून पत्रं यंत्र लिहितं आणि आम्ही दोघी तपासनीस झालो. नाव मोठं, काम एवढंच, की पडद्यावर पत्र आलं की 'योग्य' दाबायचं. पत्रामागे बारा सेकंद. तेरावा उजाडला की कोपऱ्यात लाल आकडा, आणि महिनाअखेरीस साहेबांचं प्रवचन. बारा सेकंदांत माणसाला धड शिंकताही येत नाही! सुरुवातीला मी अख्खं पत्र वाचायचे, मग पहिली ओळ, मग नुसतंच बोट चालायला लागलं. घरी नवऱ्यानं काही विचारलं तरी न ऐकताच 'हो' म्हणायचे. दिवसभर बसूनच असायचे, तरी अंगात त्राण म्हणून उरायचं नाही.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मास्तरीण माझ्या टेबलाशी आली. हातात छापलेलं पत्र. तिच्या पदाची आता गरज उरलेली नाही, महिनाअखेर शेवटचा दिवस. असली पत्रं यंत्र तपासणीनंतर तीन दिवस दाबून ठेवतं, म्हणून तारीख सोमवारची होती. आणि तळाला, प्रत्येक पत्राला असते तशी ओळ: तपासणी, आणि पुढे माझं नाव.

"सोमवारपासून तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मंगळवारी डबा खाताना मी विचारलं, नवा चष्मा करून घेऊ का, अजून आठ वर्षं काढायचीत इथं. तू म्हणालीस, घे की."

गप्प बसले असते तरी निभावलं असतं. ती चिडली असती, आठवडाभर अबोला धरला असता, मग आपणहून बोलली असती. तिचा राग मला पाठ आहे. पण तिनं मला आतल्या गाठीची समजावं, हे मला सहन होईना.

"शपथ घेऊन सांगते, मला काहीच माहीत नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं."

"वाचलं नव्हतंस?"

"कुणाचंच वाचत नाही गं आता. तू तरी वाचतेस का?"

"वाचते," ती म्हणाली. "म्हणून तर माझे आकडे सगळे लाल. म्हणून तर हे पत्र."

मला तिच्याकडे बघवेना. तिनं पत्राची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"मला वाटलं, तुला सांगायचा धीर झाला नसेल. वर येताना जिन्यात मनाशी ठरवलंसुद्धा होतं, की फार बोलायचं नाही तुला." ती जायला वळली. "त्यापेक्षा तू वाचून गप्प बसली असतीस, ते परवडलं असतं गं."