सात नंबरचे पाते

पंचनाम्याच्या सकाळी कृष्णनाथाने गोल्फचे दोन्ही सात नंबरचे क्लब, चेंडू मारायच्या लोखंडी पात्याच्या काठ्या, ओल्या फडक्याने पुसले आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्याचा स्वतःचा, तरुणपणापासूनचा. दुसरा मैदानाच्या मालकीचा, दिवाळीनंतर आलेल्या नव्या संचातला. दोन्हींच्या तळावर सातचाच आकडा कोरलेला. गोल्फ न खेळलेल्या माणसाला त्यांच्यात फरक दिसला असता तो फक्त वयाचा; एकाच घरातला बाप आणि मुलगा असावेत तसा.

कृष्णनाथाला तो फरक मनगटात कळत होता. जुन्याचे पाते एका सलग लोखंडातून ठोकून काढलेले, सुरीसारखे अरुंद आणि मागे बरेच कललेले. ह्या कलाला खेळात लॉफ्ट म्हणतात. पाते जितके मागे कलते तितका चेंडू उंच चढतो आणि तितकाच वेगाला मुकतो. फटक्याची बरीचशी ताकद त्याला उचलण्यात आणि हवेत उलटा फिरवण्यात सरून जाते. आकडा जितका लहान तितके पाते उभे आणि पल्ला लांब; नव्याचे पाते मात्र जुन्या पाच नंबरइतके उभे होते. एवढ्या उभ्या पात्याने चेंडू जमिनीलगत निघून गेला असता, म्हणून घडवणाऱ्यांनी सगळे वजन तळाशी आणि कडांना नेले होते आणि चेंडू तरीही वर चढत होता. शिवाय समोरचा पत्रा इतका पातळ, की चेंडू आदळताच तो कणभर आत दबे आणि उसळून त्याला पुढे लोटून देई. धाव पाचची, उंची सातची, वर आकडाही सातचा. विकत घेणाऱ्याला एका सकाळीत आपले बाहू तरुण झाल्याचा भास होई आणि तो त्या भासाचे पैसे आनंदाने मोजी.

मैदान डिचोलीहून थोडे आत, बंद पडलेल्या खाणीच्या मातीचा ढीग सपाट करून केलेले होते. गवत कितीही पोसले तरी खालची तांबडी माती वर येऊन चेंडूंना लागायचीच. पांढरे चेंडू आठवड्याभरात विटकरी होत. जागा आखूड, म्हणून इथे फक्त लोखंडी पात्यांचे क्लब चालत, आणि त्यांतलेही सहा नंबरपर्यंतचेच. पाच किंवा त्याहून लांब पल्ल्याचा क्लब कुणाला हातात घेऊ देत नसत. जाळी कुठे बांधायची हे ठरवायला मैदान सुरू होण्याआधी कृष्णनाथालाच उभे केले होते. इब्रामपूरचा हा माणूस वयाच्या पंधराव्या वर्षापासून एका हॉटेलच्या गोल्फ मैदानावर पाहुण्यांच्या पिशव्या वाहत आलेला. त्याचा हात सरळ, फटका नेहमी एकाच लांबीचा. त्याने आपल्या जुन्या सहा नंबरने दिवसभर चेंडू मारले, सर्वांत लांब पडलेल्या चेंडूच्या पुढे थोडी जागा सोडली आणि तिथे खांब रोवले. पलीकडे उतार होता, आणि उतारावर काजूची बागायत.

नवा संच आला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी व्यवस्थापक शिवदासबाबांना सांगितले होते, की आता ही जाळी अपुरी; हा सात आमच्या जुन्या सहाच्याही पुढे जातो. शिवदासबाबांनी शांतपणे ऐकून घेतले. ते उर्मट गृहस्थ नव्हते. खाणीच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर दोन वर्षे घरी बसलेले आणि म्हणून सगळ्यांशी नरमाईने वागणारे. पाहुण्यांचा हंगाम संपला की जाळी उंच करू, ते म्हणाले. कृष्णनाथाने मान हलवली. आपण सांगितले एवढ्यावर त्याचे मन निवले. पुढे कित्येक दिवस तो त्या निवलेल्या मनानेच जगला.

मग काजूचे दिवस आले. एका सकाळी दिल्लीचा एक पाहुणा मधल्या मॅटवर एकटाच सराव करीत होता. कृष्णनाथाने नवा सात स्वतःच्या हाताने त्याला दिला, त्याची पकड दुरुस्त केली, डावा खांदा थोडा खाली घ्यायला लावला. पुढचा फटका असा काही लागला, की आवाजावरूनच त्याचे भाग्य कळावे. चेंडू जाळीच्या वरून, खांबाच्या टोकालाही न शिवता निघून गेला आणि काजूच्या हिरव्यात मिसळला. पाहुणा हसून मागे वळला. कृष्णनाथानेही हसून दाद दिली. “सुंदर,” तो म्हणाला.

त्याच वेळी उतारावर देवकी नावाची बाई वाकून बोंडू, काजूची गळलेली फळे, वेचत होती.

देवकी आणि तिचा नवरा बाबली मूळचे सिंधुदुर्गातले. तो खाणीवर होता तोवर तिथे, खाण थांबल्यावर मिळेल त्या बागायतीत. राहायला कारापूरला एका खोलीत. चेंडू तिच्या कानामागे लागला. मोठ्या इस्पितळातून तिला परत आणले तेव्हा तिचे डोळे उघडे होते, श्वास नीट चालत होता, आणि त्यापलीकडे तिच्यात कुणी राहत नव्हते. भरवले तर ती गिळायची. हाक मारली तर छपराकडे बघायची.

मैदानाच्या मालकांचे म्हणणे होते, की बाई उन्हाने चक्कर येऊन जांभ्या दगडावर पडली. चेंडू तिच्याजवळ सापडला असेल. असे चेंडू पोरे पळवतात आणि वाटेल तिथे टाकतात. मैदानावरून चेंडू तिथवर पोचूच शकत नाही. तो पाहुणा तर केव्हाच दिल्लीला परतला होता. पोचतो असे ठरले, तर मैदान बंद होणार होते आणि देवकीचा जन्मभराचा भार मालकांवर येणार होता. नाही ठरले, तर तो बाबलीच्या एकट्याच्या पाठीवर राहणार होता. म्हणून तालुक्याच्या कचेरीतून साहेब यायचे होते, पंचायतीच्या सत्यवतीबाय यायच्या होत्या, आणि त्यांच्यादेखत सात नंबरने चेंडू मारून दाखवायचा होता.

मारायचा कुणी, ह्यावर वाद झालाच नाही. शिवदासबाबांनी कृष्णनाथाचे नाव सुचवले, आणि बाबलीनेही तेच नाव घेतले.

कृष्णनाथ त्याला भेटायला एकदाच गेला होता, पाव आणि मोसंबी घेऊन. खोलीत बसवेना, म्हणून तो दारातच उभा राहिला. बाबलीने त्याच्यासाठी काळा चहा केला आणि साध्या आवाजात सांगितले, “तुजो हात सरळ आसा, सगळे म्हणतत. तूच मार. मगे काय ता एकदाचा कळतला.” देवकीच्या ओठांच्या कडेला पेजेचा ओघळ सुकला होता. तो पुसावा असे कृष्णनाथाला वाटले. त्याने पुसला नाही.

आणि आदल्या संध्याकाळी शिवदासबाब त्याच्यापाशी येऊन थांबले होते. त्यांनी त्याला खोटे बोलायला सांगितले नाही. तू तुझाच संच वापर, तुझा हात त्यालाच सरावलेला आहे, एवढेच ते म्हणाले, आणि जाता जाता मैदानावर कामाला असलेल्या माणसांची घरे कुठल्या कुठल्या गावांत आहेत ते सहज बोलल्यासारखे मोजून गेले.

तरीही सकाळी क्लब पुसताना कृष्णनाथाचा निश्चय झाला होता. तो नवाच उचलणार होता. एक फटका, आणि बोलायचे काही उरणार नव्हते. ह्या विचाराने त्याला कित्येक दिवसांत प्रथमच मोकळा श्वास आला. बोलणे त्याला कधीच जमले नव्हते. मारणे जमत होते.

साहेब आले, सत्यवतीबाय आल्या. बाबली धुतलेला सदरा घालून आला होता आणि कुणाच्याही शेजारी उभा राहत नव्हता. साहेबांनी काय करायचे ते समजावून सांगितले. मग बाबली पुढे झाला आणि म्हणाला, आपण ती होती तिथे जाऊन उभे राहतो. चेंडू येतो की नाही, ते इथून कुणाला दिसणार? झाडे दाट आहेत. तिथल्या माणसालाच कळेल.

साहेबांना ते रुचले नाही. त्यांनी शिवदासबाबांकडे पाहिले. शिवदासबाबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी जे उत्तर दिले त्यावाचून दुसरे त्यांना देताच आले नसते.

“राहू दे उभा, साहेब. चेंडू तिथपर्यंत जातच नाही, मग भीती कसली?”

बाबली जाळीला वळसा घालून उतारावर गेला. मॅट होते त्या बाजूला जमीन किंचित उंचावलेली होती. तिथून जाळीच्या भोकांतून त्याचा सदरा दिसत होता. एका झाडाखाली तो थांबला. मैदानाकडे पाठ केली. आणि मग, देवकी वाकली होती तसा, दोन्ही हात जमिनीकडे सोडून वाकला.

मधल्या मॅटवरून सरळ रेषेत तेच झाड होते.

कृष्णनाथाचा हात नव्या सातच्या दांड्यावर होता. सगळ्यांच्या लेखी बाबली सुरक्षित होता. तो नाही हे जाणणारी दोनच माणसे तिथे होती, आणि त्यांतल्या एकाने नुकतेच तोंड उघडून स्वतःला कायमचे बांधून घेतले होते. दुसऱ्याला एकच वाक्य बोलायचे होते: त्याला तिथून हलवा. तेवढ्यानेच सारे उघड झाले असते; चेंडू मारायचीही गरज उरली नसती. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आले. त्याला त्याची चवसुद्धा लागली, तांबड्या मातीसारखी, तुरट. त्याने साहेबांकडे पाहिले. साहेब घड्याळ बघत होते. शिवदासबाब त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत धमकी मुळीच नव्हती. काकुळत होती. तीच जास्त जड गेली.

नवा मारला तर माणूस मरेल, त्याने स्वतःला सांगितले. हे खरे होते. खऱ्याच्या आडोशाला माणूस किती निवांत उभा राहू शकतो, हे त्याला त्या क्षणी कळले. पण कळून हात थांबला नाही. त्याने जुना सात उचलला.

सत्यवतीबाय जवळ आल्या. त्यांनी क्लब हातात घेऊन उलटा केला, तळावरचा आकडा पाहिला, अंगठा पात्यावरून फिरवला. शेतात राबलेली बाई होती ती. धार आणि झीज तिला कळत असावी.

“त्या दिवशी पाहुण्याला दिलेला, तो हाच?”

“होय, बाय.”

“हा तर बराच जुना दिसतो.”

“माझा आहे. मी जपून ठेवतो.”

त्यांनी क्लब परत दिला. आणखी काही विचारावेसे त्यांना वाटले असावे. पण काय विचारायचे ते सुचायला तो खेळ ठाऊक असावा लागला असता.

फटका मनासारखा बसला. आयुष्यात क्वचितच इतका निर्मळ बसला असेल. चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर आला, हाताला काहीच जाणवले नाही, आणि तो उंच, उंच चढत गेला, वर क्षणभर रेंगाळला आणि जाळीच्या बऱ्याच अलीकडे थकल्यासारखा खाली उतरला. साहेबांनी आणखी मारायला सांगितले. दुसराही तिथेच पडला. तिसरा दुसऱ्याच्या शेजारी. कुणालाही शंका यावी असे त्यांत काही नव्हते. हातचे राखून मारणाऱ्या माणसाचे फटके असे एकाजवळ एक पडत नाहीत, हे अडाण्यालाही दिसत होते. त्याने काहीच राखले नव्हते. सगळी ताकद लावली होती.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. सत्यवतीबायनी शेवटी केली. शिवदासबाबांनी चहा आणि गरम भजी मागवली होती. मंडळी छपराखाली सरकली. बशा वाजू लागल्या. एकाने कुठल्याशा लग्नाचा विषय काढला.

बाबली अजून वाकलेलाच होता.

त्याला कुणी बोलावले नव्हते. कृष्णनाथ काही वेळ बघत राहिला. मग क्लब मॅटवर टाकून तो जाळीच्या बाजूने खाली उतरला. उतारावर कुजलेल्या बोंडांचा आंबूस वास दाटला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. पावलांचा आवाज ऐकूनही बाबलीने मान वळवली नाही. त्याच्या मानेवर, कानामागे, घामाचा थेंब उतरत होता. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“बाबली. झालां सगळां. ऊठ.”

बाबली हळूहळू सरळ झाला. कंबर धरली होती. त्याने झाडाचा आधार घेतला.

“इलो नाय?”

“नाय.”

“तीन आवाज आयकलंय मी.”

“तीनच मारले.”

“जुनो हात तुजो. तू मुद्दाम हळू मारूचंस नाय.” तो प्रश्न विचारत नव्हता. तो स्वतःला समजावत होता, आणि समजावता समजावता त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेले. राग होता तो. एवढे दिवस त्यानेच त्याला उभे धरले होते. त्याने वर जाळीकडे पाहिले, मग पायांखालच्या जांभ्या दगडाकडे. पायाने तो दगड चाचपला.

“म्हणजे पडलीच ती,” तो म्हणाला.

कृष्णनाथाने पायाजवळचे एक कुजके बोंड बाजूला लोटले.

“त्या दिवशी सकाळी मी तिका बोललंय. भाजीत मीठ जास्त पडला म्हणान. तेवढ्यासाठी. ती पेज न खाता इली हयसर. उपाशी.” बाबलीने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसले. “चक्कर इली आसतली. दुसरा काय? माज्यामुळे पडली ती.”

“तसां नाय, बाबली.”

“मगे कसा?”

तो खरोखरच थांबला होता. दुसरे कारण कुणी दिले तर घ्यायला तयार, हात पुढे केलेल्या माणसासारखा तो कृष्णनाथाच्या तोंडाकडे बघत होता. वरून छपराखालचे हसणे ऐकू आले. मघाचे ते वाक्य कृष्णनाथाने आत शोधले. ते आता तिथे नव्हते. त्याच्या जागी नुसती जागा होती.

“उन्हां फार हत, ह्या दिवसांत,” तो म्हणाला.

बाबलीने मान डोलावली. मग बाबली जवळ आला आणि जुन्या सोबत्याच्या धरावा तसा त्याने कृष्णनाथाचा दंड धरला.

“एक कर. भांडणाचा ह्या कोणाक सांगा नको. तिच्या म्हायेरच्यांका कळला तर ती माणसां माका दारात उभा करूची नाय.”

“सांगचो नाय,” कृष्णनाथ म्हणाला.

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

बाबलीने त्याचा हात सोडला आणि तो कारापूरच्या वाटेला लागला. देवकीला भरवायची वेळ झाली होती.