एक वीत, चार बोटं

स्मिजाने कोडमधली मणल्तुरा गावाची ओळ पुसली आणि चहाचा घोट घ्यायच्या आत परत आणली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

शेजारच्या टेबलावरून नौफलने मान लांब केली. तिला तो चेची, म्हणजे ताई, म्हणायचा.

"चेची, त्या ओळीने तुझं काय घोडं मारलंय? एकदा जगू दे तिला, नाहीतर मरू दे."

"दोन न्यायाधीश बसलेत. एक म्हणतो फाशी द्या, दुसरी म्हणते हिच्यावाचून घरात आहे काय?"

न्यायाधीश म्हणजे परीक्षक. तिरुवनंतपुरमच्या त्या छोट्याशा सागरी संस्थेत सहा वर्षं खपून स्मिजाने एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली होती. बंदरातल्या यंत्राचे आकडे घ्यायचे आणि किनाऱ्यावरच्या कुठल्या गावात पाणी किती चढेल ते सांगायचं, एवढंच तिचं काम. कोड सगळ्यांना खुला, फुकट. आता एका नियतकालिकाने तो तपासायला घेतला होता, तोही भर चौकात. परीक्षकांची नावं, त्यांचे शेरे, तिची उत्तरं, सगळं कुणालाही वाचता येईल असं. मार्चअखेर तिचा करार संपत होता. कुरियाकोस सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की समितीपुढे 'स्वीकृत' हा शब्द ठेवता आला तरच पुढचं वर्ष.

भांडण होतं सतरा आकड्यांच्या एका यादीवरून. यंत्र बंदराच्या आत, दगडी बांधाच्या आडोशाला. गावं बांधाच्या बाहेर. दक्षिणेकडून लांबच्या लाटा आल्या की यंत्राला त्यांचा पत्ताच लागत नाही आणि गावात पाणी चुलीपर्यंत येतं. वारा नाही, पाऊस नाही, भर उन्हात. किनाऱ्यावरची माणसं त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोर समुद्र. अशा दिवशी यंत्राच्या आकड्यात आणखी किती मिळवायचे, ते त्या यादीत गावागणिक लिहिलेलं होतं. मणल्तुरापुढे अठ्ठावीस सेंटीमीटर.

हा आकडा सिल्वदासनचा. मणल्तुराच्या चर्चबाहेर एक फळा आहे. चर्चच्या कचेरीतल्या संगणकावर स्मिजाचा कोड चालतो आणि रोज सकाळी सिल्वदासन त्यावरची पाण्याची उंची फळ्यावर उतरवतो. साठ सेंटीमीटरच्या वर आकडा गेला की पहिल्या रांगेतली घरं सामान माळ्यावर टाकतात, म्हाताऱ्यांना शाळेत नेऊन बसवतात आणि होड्या वर ओढतात. पासष्टी उलटलेला, समुद्र सोडलेला माणूस. पोटच्या लेकीला म्हणावं तसं तो स्मिजाला मोळे म्हणायचा, ती त्याला चेट्टा, म्हणजे दादा. पाच वर्षांपूर्वी त्यानेच फोन केला होता.

"मोळे, तुझं मशीन गुणी आहे, पण समुद्राला कमी लेखतं."

मग चौदा महिने, चोर समुद्र आला की क्रूसाच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर चढलं ते बघायचं आणि मशीनच्या आकड्याशी ताडून तिला कळवायचं, हे त्याने नेमाने केलं. 'एक वीत, चार बोटं,' हे त्याचं माप. स्मिजाने जाऊन त्याच्या हाताची वीत मोजली आणि अठ्ठावीस लिहिले. बाकीच्या सोळा गावांतही असाच कुणी ना कुणी होता.

जर्मनीतल्या थॉर्स्टन नावाच्या परीक्षकाने लिहिलं होतं, "हे आकडे आले कुठून? साधन कोणतं, निरीक्षक कोण, त्याचं प्रशिक्षण काय? उत्तर नसेल तर यादी काढून टाकावी. बाकी काम उत्तम." त्याच्याच खाली फिलिपीन्सच्या मारितेसने लिहिलं होतं, "बाकी कामासारखी दहा कामं आहेत. ही यादी जगात कुठेच नाही. ती काढणार असाल तर माझी संमती गृहीत धरू नका." संपादकांनी दोघांचेही आभार मानून निर्णय लेखिकेच्या विवेकावर सोपवला होता. म्हणजे हात झटकले होते.

वाईट एवढंच, की दोघांचंही बरोबर होतं.

थॉर्स्टनला उत्तर द्यायला तिने सुरुवात केली. 'निरीक्षक : सिल्वदासन, मच्छीमार. साधन : हाताची वीत.' हे जगासमोर उघड्या पानावर जाणार, या विचाराने तिचे कान तापले. तिने ते पुसून टाकलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच क्षणाची.

"बटण ठेव की," नौफल म्हणाला.

"कसलं?"

"यादी राहू दे, पण तिला एक बटण लाव. ज्याला हवी त्याने चालू करावी. बाईंना सांग, यादी आहे. साहेबांना सांग, आपण होऊन कुणी चालू केली नाही तर ती बंदच असते. दोन्ही सासवा खूश."

"आणि खरं काय?"

"खरं म्हणजे मार्च संपायला एकोणीस दिवस राहिलेत, चेची."

तिने बटण ठेवलं. मूळची स्थिती : बंद. बदलांच्या टिपणात ठळक अक्षरांत लिहिलं, की ही यादी आता वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागेल. थॉर्स्टनने 'समतोल तोडगा' असं लिहून आपल्या चौकटीत खूण केली. मारितेसने दोन दिवस घेतले. मग 'यादी राहिली, हे महत्त्वाचं,' असं लिहून तिनेही केली. 'स्वीकृत' हा शब्द हिरव्या रंगात उमटला तेव्हा नौफलने सगळ्या मजल्याला डाळीचे परिप्पुवडे खाऊ घातले आणि कुरियाकोस सरांनी आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव बरोबर उच्चारलं.

स्मिजाने तो आनंद पहिल्यांदा कळवला तो सिल्वदासनला.

"परदेशातल्या लोकांनी तपासलं, चेट्टा. पास झालं!"

"मग! मी म्हणत नव्हतो? आता तुझ्या मशीनला बोट दाखवायची कुणाची टाप आहे!"

त्या फोनवर तिला बटणाची आठवण झाली नाही. मणल्तुराचा संगणक दर रविवारी नवी आवृत्ती आपली आपण उतरवून घेतो, ती सोय तिनेच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती, म्हाताऱ्याला कशाला त्रास म्हणून. तेही आठवलं नाही. आणि ठळक अक्षरांतलं ते इंग्रजी टिपण मणल्तुरात वाचणार कोण?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, मणल्तुराची माणसं जेवून लवंडली असताना समुद्र आत आला. अकरा घरांत पाणी गेलं. चार होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. पहिल्या रांगेतली म्हातारी फिलोमिनाअम्मा दारातच पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. स्मिजाने बातमी वाचली तेव्हाही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं, फळा होता.

बुधवारी सिल्वदासनचा फोन आला.

"मोळे, कामात असशील. पण जिवाला चैन नाही म्हणून केला. काल फळ्यावर मी अठ्ठावन्न लिहिलं होतं."

"किती?"

"अठ्ठावन्न. साठच्या आत, म्हणून कुणी हललंच नाही. पाणी चढलं त्यावरून मशीनवर शहाऐंशी असणार. आकडे उलटे वाचले आणि सहाचा पाच केला, माझाच घोळ झाला बघ. डोळ्यांपुढे धुकं असतं हल्ली, खोटं कशाला बोलू? लोक तोंडावर बोलत नाहीत, पण फिलोमिनाचा लेक कालपासून माझ्याकडे बघत नाही. तू तुझ्याकडे बघून सांग ना, खरा आकडा काय होता?"

स्मिजाने मंगळवारची नोंद उघडली. अठ्ठावन्न. त्यात अठ्ठावीस मिळवायला कॅल्क्युलेटर लागत नव्हता.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने कोड उघडून एक शब्द बदलला. बटणाची मूळची स्थिती : चालू. बदल उघड्या पानावर चढवताना कारण लिहावं लागतं. त्या रिकाम्या चौकटीत तिने लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.' मग मणल्तुराच्या संगणकावर नवी आवृत्ती स्वतःच्या हाताने चढवली. नौफलने आपल्या पडद्यावर ते वाचलं. त्या दिवशी त्याने तिला एकदाही चिडवलं नाही.

रविवारी सकाळच्या बसने ती मणल्तुराला गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, असं तिने स्वतःला चार दिवस बजावलं होतं. फळ्यावरचं अक्षर वेगळं होतं, गोल आणि टापटीप. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आता आकडा लिहीत होत्या.

सिल्वदासन समोरच, घराच्या ओट्यावर बसला होता. तिला बघताच उठला आणि आत बायकोला हाक मारली.

"ब्रिजिता, चहा टाक. बघ कोण आलंय!"

त्याच्या नाकावर जाड काळ्या काड्यांचा कोरा चष्मा होता.

"कसा दिसतोय? परवाच आणला. सिस्टर म्हणाल्या, महिनाभर चूक केली नाहीस तर खडू तुला परत. रोज इथून वाचायचा सराव करतो."

"चेट्टा, तुम्हाला आधीही नीटच दिसत होतं," स्मिजा म्हणाली. हे वाक्य तिने बसमध्ये इतक्यांदा घोकलं होतं, की ते भलतंच सरळ बाहेर आलं. "मशीननेच अठ्ठावन्न दाखवलं होतं. तुम्ही बरोबर उतरवलंत. चूक माझी आहे. तुमची वीत मीच त्यातून बंद करून ठेवली होती."

सिल्वदासनचा चेहरा सैलावला आणि तो हसला.

"ऐकलंस का गं, ब्रिजिता? एवढ्या लांबून आली पोर, म्हाताऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला!"

"खरंच सांगतेय. मी ते..."

"पुरे, मोळे. मशीन कसं चुकेल? जगाने तपासून पास केलंय ते. तूच नाही का सांगितलंस?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मन मोठं आहे तुझं. पण माझं माप माझ्याच पदरात राहू दे."

ब्रिजिताने चहाचा ग्लास स्मिजाच्या हातात दिला. सिल्वदासनने चष्मा काढून कमरेच्या मुंडूच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि फळ्याकडे बघत आकडा मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर, बरोबर आहे ना, म्हणून तिच्याकडे बघितलं.

तिने मान डोलावली.