तळ्याकाठी रोवलेली पाटी

मी पाटी बोलतेय. हो, तीच, फाटकाशी उभी असलेली, 'फॉर सेल' लिहिलेली. थांबा हो जरा! सगळे माझ्या डोक्यावरून पलीकडचं तळं बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही तरी ऐका.

इंग्लंडच्या उत्तरेला, कार्लाइलच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंग प्लास्टिकचं, पाय लाकडाचा. आम्हा पाट्यांचं एका दारातलं राहणं दोन-तीन महिन्यांचं. घर विकलं की उपटायचं, धुवायचं, दुसऱ्या दारी रोवायचं. माझ्याबरोबरच्या पाट्या एव्हाना दहा-दहा घरं फिरल्या असतील. मी मात्र कंब्रियातल्या या गावात आले आणि इथंच रुतले.

घर डॉक्टर पद्माकर आणि अनुराधाबाईंचं. डॉक्टरांनी इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढली. घर तेव्हा स्वस्तात मिळालं, कारण त्याला इथल्या कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, एक अट चिकटलेली आहे. घेणारा याच भागात निदान तीन वर्षं राहिलेला किंवा काम केलेला हवा, आणि त्यानं इथं कायमचं राहायला हवं. तेव्हा अट चांगलीच वाटली होती. आता तीच गळ्याशी आलीये. मँचेस्टर-लंडनचे लोक तळं बघून वेडे होतात आणि अट ऐकली की मुकाट्यानं गाडीत बसतात. इथली पोरं हॉटेलात कप विसळतात, बोटीची तिकिटं फाडतात. त्यांना बँक दारातसुद्धा उभं करत नाही.

गल्लीत अकरा घरं. त्यातल्या आठांना अट नाही, म्हणून ती सुट्टीपुरती भाड्यानं जातात, आणि त्यांच्या दाराशी पाहुण्यांसाठी किल्लीच्या पेट्या लटकल्यात. उन्हाळ्यात तिथं पाहुण्यांचा नुसता गलका, आणि नोव्हेंबरात दिवा फक्त तीन घरांत. शाळेत सतरा मुलं उरलीत.

डॉक्टरांची नजर अधू होत चालली, तेव्हा त्यांनी स्वतःहून गाडीचं लायसन्स परत केलं. बाईंना गाडी येत नाही. बस फक्त टूरिस्ट सीझनमध्ये. म्हणजे ऑक्टोबर सरला की दोघंही कोंडलेली. लेक देविका आणि नातू आर्यन लंडनजवळ वॉटफर्डला. डोळ्यांना जेवढं दिसतंय तेवढ्यात आर्यनला रोज बघावं, एवढंच डॉक्टरांचं मागणं. त्यासाठी मला इथं रोवलं, त्याला दोन हिवाळे झाले. तिसरा मी इथं काढणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

पण डॉक्टर पडले डॉक्टर. घर बघायला कुणी आलं, की पेशंटची केस सांगावी तशी घराची सगळी दुखणी सांगायचे. मागच्या भिंतीला ओल, चौदा वर्षांची जुनी. घर तापवणारा बॉयलर दर जानेवारीत आजारी. बाई चहा ओतता ओतता डोळे वटारायच्या. हसावं की रडावं, मला कळायचं नाही.

सप्टेंबरात एजंटनं तोड काढली. इतके दिवस इथलं कुणी गिऱ्हाईक आलंच नाही, असं दाखवलं तर कौन्सिलकडे अट उठवून मागता येते. सुट्टीची घरं चालवणारी एक कंपनी घ्यायला टपलेलीच होती. पुरावा म्हणून त्यानं माझे फोटो काढले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझे फोटो काढले, ते मी निकामी ठरले म्हणून! अर्ज सोमवारी जायचा होता.

आणि शनिवारी जेस आली. जेस गावातल्या दवाखान्यातली नर्स, डॉक्टरांचं बीपी तीच बघते. नवरा दगडी कुंपणं बांधतो. सातवा महिना लागलेला, आणि दोघं त्याच्या आईच्या मागच्या खोलीत राहतात. बँक आत्ता कुठे हो म्हणायला लागलीये, पण स्प्रिंगपर्यंत वेळ लागेल, थांबाल का, असं तिनं चाचरत विचारलं. बाईंचा चेहरा पडला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ओलीची केस सांगितली. ती म्हणाली, ओल छपराच्या कडेच्या गटरमुळे येते, माझा नवरा बघेल.

ती उठली, आणि बाईंचे हात आपोआप हलले. पोटुशी पोर, पहिल्यांदाच घरी आलेली, रिकामी कशी पाठवायची? देविकानं वॉटफर्डहून आणलेला नारळ, ओंजळभर तांदूळ, कपाटातला एक खण. कपाळाला कुंकू. पदर नव्हता, म्हणून जेसनं फ्लीसच्या जाकिटाचा घोळ पुढे धरला. मी खिडकीतून सगळं पाहिलं.

ती गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "अनू, ओटी भरलीस. आता सोमवारी काय लिहायचं? इथलं कुणी आलंच नाही?"

बाईंनी लेकीला फोन लावला. देविका फोनवर वैतागली.

"आई, तू फक्त एक कोकोनट दिली ना? दॅट्स नॉट अ कॉन्ट्रॅक्ट! बाबांचे आइजचं काय?"

"मला यायचंय गं, फार यायचंय," बाई म्हणाल्या. "पण ओटी भरलेल्या पोरीला दार लावायचं? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

अर्ज गेला नाही. कंपनीनं दुसरं घर बघितलं.

आता जानेवारी चाललाय. माझ्या छातीवर 'विक्री ठरली' अशी तिरकी पट्टी चिकटवलीये, पण पाय अजून जमिनीतच. बँक कागदामागून कागद मागतेय. बस बंद, रस्त्यावर बर्फ. जेसला मुलगी झाली, तिचा नवरा गुरुवारी सामान आणून देतो. गटर त्यानं कधीच दुरुस्त केलं, पैसे घेतले नाहीत. बाई सकाळी येऊन माझ्यावरचा बर्फ हातानं झाडतात आणि म्हणतात, "बघ बाई, तू नि मी, दोघी इथंच."

काल डॉक्टर फाटकापर्यंत आले. माझ्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. लागली नाहीत, तेव्हा त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली.

बँकेतल्या साहेबांनो, माझं म्हणाल तर मी प्लास्टिकची, आणखी दहा हिवाळे काढीन. पण सही लवकर करा हो. आर्यनचं तोंड त्यांना बोटांनी चाचपायला लागू नये.