उसने अंग

मी एक जुना पोशाख आहे, पण मला घालून कोणी कधी नटले नाही. माझा रंग कातडीचा, आत पिंजलेला कापूस आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत हुकांची रांग. सडपातळ बाईने मला अंगात चढवायचे आणि वरून झगा घालायचा, की ती जाडजूड दिसू लागे. टीव्हीच्या जगात जाडेपणही उसने मिळते, मित्रांनो. ते उसने जाडेपण म्हणजे मी.

माझा जन्म सोल शहरातला. तिथल्या एका टीव्ही वाहिनीच्या कपडेपटात पिलसून मावशी शिवणकाम करत. वाहिनीतले लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणत. दर रविवारी संध्याकाळी त्या वाहिनीवर विनोदी कार्यक्रम लागे. त्यात एक नवे सोंग बसवायचे ठरले. एक जाड बाई खानावळीत शिरते, खुर्ची मोडते आणि ओरडते, "एक वाटी भात आणखी!" विनोद म्हणजे एवढाच. ते काम मिरान नावाच्या नटीला मिळाले, आणि मिरान तर चवळीची शेंग.

मावशींनी आधी स्पंजाचा एक पोशाख शिवला. तो पाहून दिग्दर्शक वैतागला.

"मावशी, हे पोतं झालं! मला बाई हवी. खुर्चीत बसली की खरी बाई बसल्यासारखी बसली पाहिजे. परवा चित्रीकरण आहे."

मावशी विचार करतच घरी गेल्या. घरी त्यांची मुलगी दानबी होती, सतरा वर्षांची, अंगाने भरलेली. त्या हिवाळ्यात दानबीला कोट हवा होता. मायलेकींनी बाजार पालथा घातला. प्रत्येक दुकानात 'फ्री साइज' लिहिलेले, म्हणजे सगळ्यांना बसणारे. नाव मोठे, लक्षण खोटे. ते दानबी सोडून सगळ्यांना बसे. शेवटी मावशींनी हिरवे लोकरी कापड आणले, लेकीची मापे घेतली आणि कोटासाठी कागद कापून भिंतीवर लावून ठेवले.

दानबी लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती. खांद्याचे हाड जुळले, पण डावा खांदा बोटभर उतरता राहिला. कोट नीट बसावा म्हणून मावशींनी कागदातही तो खांदा तसाच उतरता कापला होता. आता परवाची घाई. मावशींनी भिंतीवरचे कागद काढले आणि त्यांवरून मला बेतले. पोट, पाठ, दंड, मांड्या, सगळे दानबीचे. घाईत खांद्याची गोष्ट त्या विसरल्या.

माझा पहिला प्रयोग मला अजून आठवतो. मिरान मला घालून खुर्चीत बसली, खुर्ची कडाडली आणि सगळे सभागृह लोटपोट झाले. दिग्दर्शकाने मावशींची पाठ थोपटली. मला वाटले, आपण लोकांना आनंद देतो. यापरते आणखी काय हवे?

मिरानही वाईट नव्हती बरे. ती बिचारी दिवसभर उकडलेल्या अंड्यावर आणि काकडीवर असे. मावशी पाठीमागे हुक लावू लागल्या की ती म्हणे, "मावशी, दिवसातनं एवढाच वेळ मी पोट सोडून श्वास घेते बघा. यात असले की मला कुणी 'पोट आत घे' म्हणत नाही."

एका रविवारी माझी शिवण उसवली होती, म्हणून मावशी मला पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. आधी चित्रित केलेला तोच कार्यक्रम टीव्हीवर चालू होता. शेजारच्या काकू संत्र्यांची टोपली घेऊन आल्या होत्या. सगळ्या तिकडच्या रीतीप्रमाणे खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून संत्री सोलत बसल्या होत्या. टीव्हीतली मिरान मला घालून खानावळीत शिरली, तशा काकू एकदम मांडीवर थाप मारून ओरडल्या,

"अगं बाई! पिलसून, ही तर हुबेहूब तुझी दानबी चालतेय!"

त्या स्वतःच खदखदा हसल्या. दुसरे कोणी हसले नाही. दानबीने हातातले संत्रे खाली ठेवले आणि टीव्हीकडे टक लावून पाहिले. मग ती उठून माझ्या पिशवीपाशी आली. तिने मला बाहेर काढले आणि माझ्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला.

"आई, हा खांदा माझा आहे."

"खांद्याचं काय एवढं? खांदे सगळ्यांचे सारखेच असतात."

"माझा नाहीये सारखा."

टीव्हीत खुर्ची मोडली आणि लोकांच्या हसण्याने ती लहानशी खोली भरून गेली. काकूंनी गुपचूप आपली टोपली उचलली.

"मग माझा कोट कुठंय?" दानबीने विचारले.

"शिवते की गं. एवढी गडबड संपू दे."

"आता नको."

त्या दिवशी मला कळले की मी कोणाचा आहे. माझ्या कापसात तेव्हा काहीतरी टोचले ते आजवर टोचतेच आहे. पुढे शाळेच्या जेवणाच्या रांगेत पोरे दानबीच्या मागे उभी राहून ओरडू लागली, "एक वाटी भात आणखी!" दानबीने शाळेत भात घेणे सोडले. मग घरीही सोडले. मावशी ताटापाशी बसून राहत. "दोन घास तरी खा गं," म्हणत. लेक पाणी पिऊन उठे.

तो कार्यक्रम संपल्यावर मला मालिकांत काम मिळू लागले. गोष्ट ठरलेली असे. नायिका आधी जाड असते, म्हणजे मला घालते. सगळे तिला हिडीसफिडीस करतात. मग ती पळते, उपाशी राहते, आणि एके दिवशी केस उडवत येते. नायक बघतच राहतो. मालिकेतला आनंदाचा दिवस उजाडला की मी खुंटीला लागायचो. कोणत्याही मालिकेत मला घालून कोणाचे लग्न झाले नाही.

मग वारे फिरले. तरुण मुली म्हणू लागल्या की हे हसणे बरे नाही. वाहिनीत बैठका झाल्या आणि माझे काम थांबले. चूक झाली असे मात्र कोणी म्हणाले नाही. "आता हे चालत नाही," एवढेच म्हणाले. मला एका खोक्यात कोंबले. मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला मागून घेतले. मला पुन्हा कोणी घालू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. घरच्या कपाटात रजयांच्या खाली एक हिरवे लोकरी कापड घडी घालून ठेवलेले होते. त्याच्याच शेजारी डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी कित्येक वर्षे पडून राहिलो.

दानबी तिशी ओलांडून गेली. मोठ्या मापाचे कपडे विकणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळाले होते. नवा कपडा बेतला की तो आधी तिच्या अंगावर चढे. कुठे काचतो, कुठे सुटतो, ते पाहून कापड कापले जाई. तिचे फोटोही निघत, पण मानेपासून खालचे. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर दानबीला अंग होते, तोंड नव्हते. तिने कधी तक्रार केली नाही. मात्र त्या वर्षी कंपनीच्या मालकीण कूबाई तिला म्हणाल्या होत्या, "थंडीच्या जाहिरातीत या वेळी तुझा चेहरा घेऊ." जाहिरातीवरचे शब्दही ठरले होते: 'जशी आहे तशी सुंदर!'

कपाटाच्या दाराला आतून आरसा होता. दानबी दार उघडून त्यात हसून बघे. दात दाखवून, न दाखवून, मान जराशी वळवून. माझ्या इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिले ते तेवढेच. तिने नवी लिपस्टिकही आणली होती. एके दिवशी तर तिने भाताची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आई, वाढ." मावशींचे डोळे भरून आले.

आणि मग एका संध्याकाळी दानबी घरी आली ती तडक कपाटापाशी गेली. तिने रजया उपसल्या.

"काय शोधतेस?" मावशींनी विचारले.

"तुझं ते पोट."

"कशाला?"

"दुसरी मुलगी ठरलीय. कूबाई म्हणाल्या, 'मनाला लावून घेऊ नकोस हं, अंग तुझंच छान आहे, पण गिऱ्हाईक चेहरा बघतं. चेहरा निमुळता हवा.' आता निमुळत्या चेहऱ्याची पोरगी आणलीय, तर कोट तिच्या अंगावर लोंबतोय. म्हणे, 'तुझी आई टीव्हीत होती ना, घरी काही भरावाचं असेल तर आण.'"

"सांग नाही म्हणून! सांग, जाळून टाकलं!"

"आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या तर? मला कुठं 'फ्री साइज' नोकरी मिळणार आहे, आई?"

दानबीने मला पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हातांनी माझे हुक त्या मुलीच्या पाठीवर लावले, जसे एकेकाळी तिच्या आईने मिरानच्या पाठीवर लावले होते. वरून राखाडी कोट चढवला. तो दानबीच्या मापावर बेतलेला. मी आत होतो, त्यामुळे कुठे एक सुरकुती पडली नाही. कूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "अगदी साच्यातून काढल्यासारखं! हे कोणाचं माप आहे गं?"

"माझं," दानबी म्हणाली.

ती मुलगी वयाने लहान होती. ती गोंधळून म्हणाली, "ताई, मग तुम्हीच का नाही उभ्या राहत?"

कूबाई हातातल्या कागदात बघू लागल्या. छायाचित्रकार म्हणाला, "दिवे लावलेत. चला, घेऊन टाकू." फोटो निघाला. मित्रांनो, मला कोणी हसले नाही, उलट सगळे वाहवा करत होते. आणि तरी खुर्च्या मोडण्याच्या दिवसांत वाटली नाही इतकी लाज मला त्या दिवशी वाटली. तेव्हा निदान सोंगाला सोंग म्हणत होते.

घरी मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी दानबीच्या हातातून पिशवी घेतली, जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवून माझी पहिली शिवण उसवली.

"आई! त्यांना पुढच्या आठवड्यात परत हवंय ते!"

"सांग, उसवलं."

"माझं काम जाईल."

"जाऊ दे. तुझं अंग एकदा मी लोकांना देऊन बसले, तुला न विचारता. तेव्हा मला मेलीला कळलं नाही. आता पुन्हा देणार नाही."

मग दानबीही खाली बसली आणि तिने माझा दुसरा हात उसवायला घेतला. दोघी माझा कापूस उपसत होत्या. मला भीती वाटली, पण दुखले नाही.

मावशींनी कापूस उन्हात घातला आणि पुन्हा पिंजून घेतला. कपाटातले हिरवे कापड काढले. दानबीची मापे नव्याने घेतली, कारण सतराचे अंग तिशीत थोडेफार बदलतेच. डावा खांदा तेवढा तसाच होता. हिरव्या कापडाखाली माझा कापूस पसरून त्यांनी बारीक टीप घातली. ठरल्यापेक्षा कितीतरी हिवाळे उशिरा दानबीचा कोट तयार झाला. तिचे काम गेले ते गेलेच. अजून दुसरे मिळालेले नाही.

पहिल्या कडक थंडीत ती मला घालून बसची वाट पाहत उभी होती. थांब्यावर तीच जाहिरात लावलेली होती: निमुळत्या चेहऱ्याची मुलगी, राखाडी कोट, 'जशी आहे तशी सुंदर!' शेजारी शाळेच्या गणवेशातली एक गुबगुबीत मुलगी उभी होती. अंगावर तसाच राखाडी कोट. ती जाहिरातीकडे बघे, मग काचेत स्वतःकडे बघे.

"काय झालं गं?" दानबीने विचारले.

"काही नाही, ताई. कोट मापाचा आहे. पण मी हिच्यासारखी नाही दिसत. माझं तोंडच जाड आहे."

बस आली, थांबली आणि निघून गेली. मग दानबीने त्या मुलीचा गार पडलेला हात धरला आणि आपल्या बाहीवर ठेवला.

"दाब. काय लागतंय?"

"कापूस."

"त्या फोटोत हा कापूस त्या मुलीच्या कोटाच्या आत होता. तीसुद्धा अशी दिसत नाही. तो कोट माझ्या अंगावर बेतलाय. माझं तोंड बघ. तुझ्याइतकंच आहे की नाही?"

मुलगी तिच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग हळूच हसली. तिचा हात बाहीवरच होता, आणि तो हळूहळू गरम होत गेला. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा कोणाला तरी ऊब दिली.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या नाटकातही कोणीतरी पोटाला उशी बांधेल, आणि सगळे हसतील. तेव्हा एकदा मागच्या रांगेकडे वळून बघा. तिथे कोणी न हसता बसलेले दिसले, तर ती उशी त्याच्याच मापाची आहे असे समजा, आणि ती पोटावरून सोडायला सांगा.